‘गॅस व्हयेल शे’ : कॅथलॅबपासून दूरच्या ओपीडीत हृदयविकार कसा पकडायचा

लग्नाची पंगत होती. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. रात्री अकराच्या सुमारास बावन्न वर्षांचे एक केळीवाले शेतकरी पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ग्रामीण रुग्णालयात आले. छातीवर हात, तोंडावर ओशाळलेलं हसू. ‘‘काही नही डॉक्टरसाहेब, गॅस व्हयेल शे (गॅस झालाय).’’ सोडा पिऊन झाला होता, ओवा चावून झाला होता. मी नवा होतो आणि समोर तीन अपघाताच्या केसेस होत्या. मी पँटोप्राझोलचं इंजेक्शन लिहिलं.

इंजेक्शन भरता भरता सिस्टर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, यांचा सदरा बघा ना.’’ सदरा पाठीला चिकटलेला होता. मे महिना, घाम सगळ्यांनाच येत होता. पण हा घाम थंड होता. मी काही सांगायच्या आत त्यांनी ईसीजीची ट्रॉली ओढली. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघायचा एकेक कोन) एसटी, म्हणजे ठोक्याच्या टोकानंतरची रेघ, ठळकपणे वर. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. घाबरून मी दुसरी चूक केली : जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवणारी नायट्रेटची गोळी. पाच मिनिटांत बीपी ७० वर. उजव्या कप्प्यालाही मार बसलेला असू शकतो, हे मला परीक्षेत ठाऊक होतं, त्या रात्री आठवलं नाही. पाय वर केले, सलाईन वेगाने सोडलं, ते सावरले.

त्या रात्रीपासून ओपीडीतली जी रीत मी पाळत आलो, ती इथे लिहितोय. हे मुख्यतः प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी आहे आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्यांसाठी. घरच्या मंडळींनी लक्षणांचा भाग जरूर वाचावा. डोस मात्र डॉक्टरांसाठी आहेत, ते घरी करून बघायचे नाहीत. आपल्याला प्रत्येक आजाराचं नाव शोधायचं नसतं. ज्या चार-पाच आजारांत घड्याळ चालू असतं, तेवढे हातातून निसटू द्यायचे नाहीत. आपल्याजवळची हत्यारंही साधीच आहेत : नाडीवरचं बोट, स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, वजनकाटा आणि ईसीजीचा कागद.

आधी भाषा

पुस्तकातला ‘चेस्ट पेन’ आपल्याकडे कोणी घेऊन येत नाही. धुळे-अमळनेरकडचा अहिराणी बोलणारा माणूस म्हणतो, ‘‘छातीमा भरी येस,’’ ‘‘माले दम लागस,’’ ‘‘जीव घाबरा व्हस.’’ यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात शिरलात की पावरी आणि भिलोरी. तिथे आशाताई सोबत नसेल तर अर्धी हिस्ट्री हवेत जाते. ‘‘दुखतं का?’’ असं विचारलं की निम्मे लोक ‘‘नाही’’ म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना दुखत नसतं, दाटलेलं असतं, आवळलेलं असतं. म्हणून विचारा : ‘‘छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं का? जबड्यात, खांद्यात, हातात काही उतरतं का? चाललं की वाढतं आणि थांबलं की कमी होतं का? असं याआधी कधी झालं होतं?’’ माणूस पूर्ण मूठ छातीवर ठेवून दाखवत असेल तर सावध व्हा. एका बोटाने एकच जागा दाखवत असेल आणि तिथे दाबल्यावर दुखत असेल तर थोडा दिलासा, पण पूर्ण नाही.

मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात छातीचं दुखणं पुष्कळदा नसतंच. शेतातून येताना अचानक लागलेला दम, विनाकारण उलटी, थंड घाम, ‘हातपाय गळाले’ एवढंच. घरातली मोठी माय तीन दिवस ‘‘पोट जड आहे’’ म्हणत पडून असते आणि चौथ्या दिवशी तिच्या ईसीजीत क्यू वेव्ह, म्हणजे झटका होऊन गेल्याची खूण, दिसतात. तंबाखू-चुना, बिडी आणि बायकांमधली मशेरी यांची चौकशी तिथल्या तिथे करा. ‘‘व्यसन आहे का?’’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई ‘‘नाही’’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे.

नियम सोपा ठेवा : जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही अचानक सुरू झालेला त्रास आणि वय तिशीच्या पुढे, तर ईसीजी आधी, गॅसचं इंजेक्शन नंतर. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हार्ट नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्याने झटक्याच्या पेशंटलाही थोडा वेळ बरं वाटू शकतं.

पहिली दहा मिनिटं

पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी वाचून झालेला असावा. केसपेपर नंतर निघेल. ट्रॉलीवर जेल, कागदाचा रोल आणि दाढीचं ब्लेड तयार ठेवा. छातीवर दाट केस आणि वर घाम असला की इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि त्यातच पाच मिनिटं जातात. कागदाचा वेग २५ मिमी प्रतिसेकंद आणि उंची १० मिमीला १ मिलिव्होल्ट आहे ना, ते बघा. कुणीतरी बटण दाबून अर्ध्यावर आणलेलं असतं आणि वर गेलेला एसटी त्यात लपून बसतो.

वाचताना शेजारच्या लीड जोडीने बघा. दोन, तीन, एव्हीएफ म्हणजे खालची भिंत. व्ही १ ते व्ही ४ म्हणजे पुढची. एक, एव्हीएल, व्ही ५, व्ही ६ म्हणजे बाजूची. एसटी वर असेल तर समोरच्या लीडमध्ये तो खाली गेलाय का, ते शोधा. खालच्या भिंतीच्या झटक्यात एव्हीएल बहुधा आधी बोलतो. तीनमधला एसटी दोनपेक्षा जास्त वर असेल तर उजव्या कप्प्याचा संशय घ्या आणि व्ही ४ चा इलेक्ट्रोड उचलून छातीच्या उजव्या बाजूला त्याच उंचीवर लावा. दोन मिनिटांचं काम आहे. मी तेवढं केलं असतं तर त्या रात्रीची सॉर्बिट्रेट डबीतच राहिली असती. व्ही १ ते व्ही ३ मध्ये नुसता एसटी खाली दिसला तर मागच्या भिंतीचा विचार करा आणि पाठीवर लीड लावून बघा.

पहिला ईसीजी नॉर्मल आला तर? त्रास चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा, मग पुन्हा. ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) साध्या किटवर पहिल्या तीन तासांत विसंबू नका, रक्तात ते वाढायला वेळ लागतो. आणि एसटी स्पष्ट वर असेल तर ट्रोपोनिनची वाट बघण्यात काहीच अर्थ नाही. रिपोर्ट येईपर्यंत स्नायू मरत असतो.

ईसीजी होत असताना दोन्ही हातांचं बीपी घ्या. पाठीत फाटल्यासारखी कळ आणि दोन हातांत २० पेक्षा जास्त फरक असेल तर महाधमनी चिरल्याची शक्यता आहे. तिथे गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर माणूस जाईल.

नंदुरबारच्या पट्ट्यात एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवा. तरुण आदिवासी मुलगा छातीत दुखतं म्हणून आला, सोबत ताप आणि दम, तर सिकलसेलचं (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) कार्ड विचारा. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ च्या जुलैत सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आहेत आणि पुष्कळांकडे कार्ड असतं. छातीतली ही कळ बहुतेक वेळा फुप्फुसातली असते. त्याला ऑक्सिजन, वेदनाशामक, अँटिबायोटिक आणि वेळेवर रक्त लागतं, हार्टच्या झटक्याची औषधं नव्हेत.

झटका ठरला, आता?

ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून खायला द्या. गिळू देऊ नका, चावायला लावा. क्लोपिडोग्रेल ३०० मिग्रॅ. पंचाहत्तरीच्या पुढे असेल आणि गुठळीचं औषध देणार असाल तर फक्त ७५. ॲटॉर्व्हास्टॅटिन ८० मिग्रॅ. ऑक्सिजन फक्त सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तर. नाकाला नळी लावली की नातेवाइकांना बरं वाटतं, पेशंटला त्याचा उपयोग नसतो. सॉर्बिट्रेट देण्याआधी तीन गोष्टी तपासा : बीपी ९० च्या वर आहे का, उजव्या कप्प्याचा झटका नाही ना आणि गेल्या दोन दिवसांत ‘ताकदीची गोळी’ घेतलेली नाही ना. हा तिसरा प्रश्न बायको-मुलांना बाहेर काढून विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळतं. कुल्ह्यात कुठलंही इंजेक्शन देऊ नका, पुढे रक्त पातळ होणार आहे, तिथे गाठ होईल.

मग मोठा प्रश्न : पाठवायचं की इथेच गुठळी विरघळवायची? निदान झाल्यापासून अँजिओप्लास्टीची तार नसेत जाईपर्यंत १२० मिनिटांच्या आत काम होणार असेल तर थेट पाठवा. नाहीतर आधी इथेच औषध आणि मग पाठवणं. हे गणित खानदेशात प्रामाणिकपणे मांडावं लागतं. कॅथलॅब, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते ती जागा, जळगावात आहेत, धुळ्यात आहेत. पाचोरा किंवा भुसावळहून दिवसा हे जमू शकतं. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला यायलाच अडीच-तीन तास जातात, तिथून पुढे धुळे किंवा सुरत. मोलगी, तोरणमाळकडच्या पेशंटबाबत १२० मिनिटांचा विचारही करू नका. जळगावपासून तासाभरावर असलेल्या गावातसुद्धा रात्री दोन वाजता ‘टीम येतेय’ असं ऐकू आलं, तर विचारा : टेबलावर किती वाजता? गाडी मिळायला लागणारा वेळ त्यात मिळवा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिने जीव वाचवलेत, पण तुमच्या तालुक्यातली गाडी त्या क्षणी दुसऱ्या टोकाला बाळंतपणाला गेलेली असू शकते.

गुठळीचं औषध त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत द्यायचं. पहिल्या तीन तासांत त्याचा फायदा सगळ्यांत मोठा. द्यायचं ठरलं की अर्ध्या तासात सुई टोचलेली असावी. आधी विचारून घ्या : मेंदूत कधी रक्तस्राव झालाय? गेल्या काही महिन्यांत लकवा किंवा डोक्याला मोठा मार? कुठून रक्त जातंय? बीपी १८० च्या वर आहे? शेवटचं असेल तर आधी खाली आणा. टेनेक्टेप्लेज हे गुठळीचं औषध वजनावर एकाच दमात द्यायचं : ६० किलोच्या खाली ३० मिग्रॅ, ६० ते ६९ किलोला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० किलो आणि पुढे ५०. वय ७५ च्या वर असेल तर निम्मं. वजन अंदाजाने लिहू नका. आपल्याकडच्या हाडकुळ्या आबांचं वजन डोळ्यांना साठ वाटतं आणि काट्यावर अठ्ठेचाळीस भरतं. त्याऐवजी जुनं स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत. बीपी पडलं तर ड्रिप हळू करा. आधी कधी ते मिळालेलं असेल तर पुन्हा देऊ नका. सोबत एनॉक्सापॅरिन (रक्त पुन्हा गोठू न देणारं इंजेक्शन), वय आणि किडनी बघून.

तासा-दीड तासाने ईसीजी पुन्हा काढा. एसटी निम्म्याहून खाली आला, कळ थांबली, तर रक्त वाहू लागलं असं समजा. मध्येच नाडी थोडा वेळ वेडीवाकडी झाली तर घाबरू नका, पेशंट शुद्धीवर आणि बीपी ठीक असेल तर नुसतं बघत राहा. पण ‘बरा झाला’ म्हणून ठेवून घेऊ नका. यशस्वी झालं तरी २४ तासांच्या आत अँजिओग्राफी आणि एसटी उतरला नाही तर ताबडतोब. म्हणून औषध सुरू करतानाच गाडी सांगून ठेवा. पाठवताना कागदावर चार गोष्टींच्या वेळा लिहा : त्रास कधी सुरू झाला, दारात कधी आला, ईसीजी कधी, औषध कधी. ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना कागद सपाट टेबलावर ठेवून काढा. बेडशीटवर गुंडाळलेल्या कागदाचा फोटो बघून समोरचा हार्टवाला काहीच ठरवू शकत नाही.

पैशाचा विषय नातेवाइकांआधी तुम्हीच काढा, कारण निम्मा उशीर तिथे होतो. आताच्या महात्मा जोतिराव फुले योजनेचं आधीचं रूप २०१२ साली राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झालं, त्यांत धुळे होतं. २०२४ च्या जुलैपासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. अँजिओप्लास्टी त्यात बसते आणि तातडीच्या केसला फोनवरून मंजुरी मिळते. योजनेत असलेल्या जवळच्या कॅथलॅबची नावं आणि आरोग्यमित्रांचे (तिथले योजनेचे मदतनीस) नंबर ट्रॉलीवर चिकटवून ठेवा. रेशनकार्ड-आधारचा फोटो मागून आला तरी चालतो, पेशंट आधी निघू दे.

दम लागलेला पेशंट

‘‘दम लागस’’ म्हणणाऱ्याला एक प्रश्न पहिला : ‘‘आडवं झोपता येतं का? की रात्री उठून खाटेवर बसावं लागतं?’’ उशा दोनाच्या तीन झाल्या, मध्यरात्री खोकला येऊन उठतो आणि ओट्यावर जाऊन बसतो, हे हृदय कमजोर झाल्याचं फार जुनं आणि भरवशाचं लक्षण. दमा समजून डेरिफिलिन आणि स्टेरॉइडवर महिनोन्‌महिने काढलेले असे पेशंट मी पुष्कळ बघितलेत. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘दमा’ झालेला माणूस भेटला की आधी मानेची शीर बघा. ४५ अंशांत टेकवून बसवा, शीर फुगलेली दिसते का, यकृतावर हलकं दाबल्यावर आणखी चढते का. फुप्फुसाच्या तळाशी बारीक करकर, पायावर अंगठा दाबला की खड्डा.

पायाची सूज म्हणजे हार्ट असं मात्र नाही. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर निव्वळ त्यानेही घोट्यापाशी सूज येते. दम नाही, मानेची शीर सपाट, वजन स्थिर, तर आधी ती गोळी बदलून बघा. नाहीतर सुजेसाठी लघवीची गोळी, तिच्यामुळे थकवा, थकव्यासाठी सलाईन, अशी साखळी तयार होते.

फेसाळ थुंकी, बसूनच राहणारा, बोलताना वाक्य तुटणारा पेशंट आला तर आडवा करू नका. पाय खाली सोडून बसवा. सॅच्युरेशन कमी असेल तर ऑक्सिजन, फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ शिरेतून (आधीपासून गोळी चालू असेल तर निदान तेवढा डोस शिरेतून). बीपी चांगलं वर असेल तर नायट्रेट इथे फार उपयोगी, लघवीच्या औषधापेक्षा लवकर काम करतं. दोन तासांत लघवी किती झाली ते मोजा, पुरेशी नसेल तर डोस दुप्पट. सलाईनची बाटली लावू नका. नातेवाईक ‘एक बाटली तरी लावा’ म्हणतील, तेव्हा त्यांना पेशंटच्या पाठीला कान लावून बुडबुड ऐकवा. मी खरंच ऐकवतो.

शेतात काम करताना लाल विंचू चावलेला पेशंट काही तासांनी असाच फेस घेऊन येऊ शकतो. घाम, थंडगार हातपाय, वाढलेलं बीपी. यावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे रुजलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण ओपीडीच्या कपाटातली ती स्वस्त गोळी हा त्यांचा खरा सन्मान, असं मला वाटतं. डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम तोंडाने, दर तीन तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत. सर्पविषाचं औषध इथे चालत नाही, विंचवाचं वेगळं असतं.

अचानकचा त्रास ओसरल्यावर इको करून हृदयाची पंपिंग ताकद बघायची. ती ४० टक्के किंवा कमी असेल तर चार औषधांचा आधार आहे : एसीई इनहिबिटर किंवा त्याच्या जागी आलेलं नवं औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि साखरेसाठी आलेलं डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन घराणं, जे मधुमेह नसलेल्यालाही हृदयासाठी देतात. चारही थोड्या थोड्या डोसने लवकर सुरू करायची आणि मग वाढवायची. बीटा ब्लॉकर मात्र फुप्फुसातलं पाणी उतरल्यावरच.

झडपा आणि २१ दिवसांचं इंजेक्शन

सांधेदुखीच्या तापानंतर (संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीव्हर) झडप खराब होणं आपल्या भागातून गेलेलं नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुलीला पहिल्या किंवा दुसऱ्या गरोदरपणात, पाचव्या-सहाव्या महिन्यात अचानक दम लागतो तेव्हा तो ‘रक्त कमी आहे’ या एका वाक्यात संपवू नका. रक्त कमी असतंच. तरीही तिला डाव्या कुशीवर झोपवा, स्टेथोस्कोपची घंटी छातीच्या टोकावर अगदी हलकी ठेवा आणि श्वास सोडायला सांगा. पहिला ठोका मोठा आणि मग दूरवर गाडी घरघरल्यासारखा खालच्या पट्टीतला आवाज. स्टेथोस्कोपची सपाट बाजू, म्हणजे डायफ्रॅम, दाबून ठेवला तर हा आवाज ऐकूच येत नाही. मायट्रल झडप आकसल्याची ही खूण. तिची नाडी वाढू देऊ नका, मेटोप्रोलॉल द्या, लघवीचं औषध जपून द्या आणि फुग्याने झडप उघडण्यासाठी वेळेत पाठवा. बाळंतपण गावी करायचं नाही.

ज्यांची झडप अजून वाचवता येते त्यांना बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी. २७ किलोच्या खालच्या मुलांना ६ लाख. वर्षानुवर्षं. टोचण्याआधी ॲड्रेनालिन भरून ठेवा, जाड सुई घ्या, पोट भरलेलं असू द्या, आडवं झोपवूनच टोचा. ज्यांची झडप फारच खराब आहे आणि बसल्या जागी दम लागतो, त्यांना इंजेक्शनच्या धसक्यानेच धोका होऊ शकतो, हे २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट मांडलं. त्यांना तोंडाने पेनिसिलिन बरं.

ही साखळी तुटते ती दिवाळीनंतर. नंदुरबारच्या पाड्यांवरची घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि २१ दिवसांचं कार्ड भिंतीच्या खुंटीवर राहतं. मी आता कार्डाचा फोटो मुकादमाच्या मोबाइलवर पाठवतो, पुढच्या तारखा गुजराती आकड्यांत लिहून देतो आणि निघायच्या दिवशी, तारीख चार दिवस पुढे असली तरी, एक डोस देऊन टाकतो. शाळेत तपासणीला येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाची गाठ घालून द्या. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचं जन्मजात छिद्र असो की संधिवाताची झडप, पुढचा रस्ता त्यांच्यामार्फत सोपा होतो.

नाडीवर बोट

पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. बीपीच्या मशीनवर आलेला आकडा लिहून मोकळं होऊ नका. ठोक्यांना कसलाच ताल नसेल तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, समजा; ईसीजीत पी वेव्ह (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) नसतील. इथे खरा धोका लकव्याचा. वय, बीपी, मधुमेह, आधीचा लकवा यांचा हिशेब करून रक्त पातळ करायचं औषध लागतं आणि ॲस्पिरिन हा त्याला पर्याय नाही. झडप संधिवाताने आकसलेली असेल किंवा धातूची बसवलेली असेल तर रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्या चालत नाहीत. संधिवाताच्या झडपांवरच्या २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत जुनं औषधच सरस ठरलं. तेव्हा ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन आणि महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याची तपासणी), बहुतेकांना २ ते ३ च्या दरम्यान. मेथी-पालक बंद करायला लावू नका, रोज साधारण सारखीच खा म्हणावं.

तरुण बाई ‘‘छातीत पाखरू फडफडतं’’ म्हणून आली, नाडी १८० आणि तालात, ईसीजी बारीक कंगव्यासारखा, तर १० मिलीची सिरिंज द्या आणि दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावा. लगेच आडवं करून पाय ४५ अंशांत उचला, आणखी १५ सेकंद. साध्या फुंकण्यापेक्षा या पद्धतीने कितीतरी जास्त लोकांचा ताल परत येतो. नाही जमलं तर ॲडेनोसिन ६ मिग्रॅ कोपरातल्या जाड शिरेतून जोरात, मागून सलाईन. ‘‘क्षणभर मरतोय असं वाटेल’’ हे आधी सांगा, नाहीतर ती पुन्हा तुमच्या दारात येणार नाही.

उलट टोकाला म्हातारे आप्पा, देवळाच्या पायरीवर पडले, दहा सेकंद झटके आले, लगेच शुद्धीवर, तोंडावर लाली. फिट म्हणून गोळ्या सुरू. नाडी ३६. हा हार्ट ब्लॉक, याला पेसमेकर लागतो. तोवर ॲट्रोपिन वापरून बघा, उपयोग झाला नाही तरी नवल नाही.

नाडी मंद आणि ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याचं उंच टोक) रुंद दिसला तर केळी आठवा. हो, केळी. रावेर-यावलच्या मळ्यात मजूर आणि मालक दोघंही दिवसाला पाच-सहा केळी सहज खातात. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिग्रॅ पोटॅशियम. धडधाकट किडनीला त्याचं काही वाटत नाही. पण किडनी थकलेली, वर टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू, सोबत सांध्यांसाठी डायक्लोफिनॅक, तर पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावतं. रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता ईसीजीवरूनच कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळू द्या आणि मग पाठवा. एका मालकांना मी ‘केळी बंद’ सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, बाग तोडायला सांगता का?’’ आता मी ‘दिवसाला एक’ म्हणतो आणि औषध सुरू केल्यावर आठवड्यात पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासतो.

मे महिना आणि बिबडे

झटक्यातून वाचलेला किंवा हृदय कमजोर असलेला पेशंट घरी गेल्यावर खरं काम सुरू होतं. ‘मीठ कमी करा’ म्हटलं की लोक भाजीत मीठ कमी टाकतात आणि पापड, बिबडे, कुरडया, लोणचं, शेव ताटात तशीच राहतात. पापडखार हेही सोडियमच, हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी घरच्या बाईलाच विचारतो की उन्हाळी कामं किती झाली, डबे किती भरलेत. त्यातून खरा हिशेब कळतो.

वजनकाटा विकत घ्यायला लावा. सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी, रोज, कॅलेंडरवर लिहून. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की दम लागायची वाट न बघता यायचं. आणि भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो त्या आठवड्यांत उलटा धोका. शेतात घाम गाळणाऱ्याला हिवाळ्यातला लघवीच्या गोळीचा डोस मे महिन्यात जड होतो. वजन दोन किलो उतरलं, उभं राहिल्यावर अंधारी आली, लघवी पिवळीजर्द, तर डोस कमी करायचा, बीपीच्या गोळ्यांचाही. जुलाब-उलट्यांच्या दिवशी कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते पाकिटावर खूण करून द्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल मात्र स्टेंटनंतर स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद नाही, दात काढायचा असला तरी.

बीपीबद्दल एवढंच : पाच मिनिटं बसू द्या, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीवर, दोनदा घ्या. आकडा २०० दिसला आणि पेशंट गप्पा मारतोय, तर जिभेखाली निफेडिपिन फोडू नका. अचानक पाडलेल्या बीपीने लकवा झालेले मी बघितलेत.

शेवटचं काम डिस्चार्जच्या टेबलावरचं. पेशंटचा ताजा ईसीजी त्याच्या आणि मुलाच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून द्या. मशीनचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, सहा महिन्यांत पत्र्याच्या घरात तो कोरा होतो. पुढच्या वेळी अकरा वाजता तो कुणा दुसऱ्याच डॉक्टरसमोर उभा असेल आणि एसटी जुना की नवा हे त्या फोटोवरूनच ठरेल. माझ्या त्या केळीवाल्या जिभाऊंनी फोटो मोबाइलचा वॉलपेपर करून ठेवलाय.